खांदा कुणाचा, मडके कुणाच्या हातात

तारिहाळ आज हुबळीची औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. पण या पट्ट्यात कुणी गेले की बोली अजून मातीचीच निघते. मराठी घरात म्हणतात ‘मातीला जाऊन आलो’, कानडी घरात ‘मण्णिगे’ जातात. शब्द एकच, रीत मात्र दोन. लिंगायत आपल्या माणसाला फुलांच्या विमानात बसवून, भजन म्हणत नेतात आणि तळहाती इष्टलिंग ठेवून बसल्या अवस्थेतच पुरतात. मराठी हिंदू घरांत बहुधा बांबूची तिरडी, पुढे विस्तवाचे मडके, वाटेत विसावा आणि शेवटी चिता. म्हणजे जाळणारेसुद्धा मातीलाच जातात! मला हा शब्द फार बोलका वाटतो. त्याला दहन-दफनाशी देणेघेणे नाही. दारात जाऊन हात लावण्याशी आहे. खांदा कुणी द्यावा, मडके कुणी धरावे हे नियम या हातभारावर नंतर चढले, आणि गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अडचण आली तसे ते सरकतही गेले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव फुले वारले. आपला देह मिठात घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती, घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेने परवानगी दिली नाही म्हणून दहन करावे लागले. मग प्रश्न आला मडक्याचा. दत्तक यशवंताचा हक्क भाऊबंदांनी नाकारला, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः उचलले आणि त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या. यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘हे शास्त्रात बसत नाही’. पण पुत्र नसेल तर पतीला पिंड पत्नीने द्यावा, हे वृद्धमनूचे वचन मिताक्षरेने उद्धृत केले आहे, आणि मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर याच कर्नाटकातल्या कल्याणचा. अडवणारे शास्त्र कमी आणि वाटणीचा हिशेब जास्त मांडत होते, असेच म्हणावे लागते. जो मडके धरतो तो वारस ठरतो, ही खरी भीती.

पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. संन्याशाला बसवावे तसे पद्मासनात बसवून त्यांना गिरगाव चौपाटीवर नेले. खांदा देणाऱ्यांत गांधी होते, शौकत अलीही होते. जातीचा, धर्माचा दंडक त्या गर्दीत मागे पडला. ‘थोरांचे सोडा, सामान्याच्या दारी असे होत नाही’ असे यावर कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. लाखोंच्या लोटात नियम वाहून जातो, गल्लीत तो भाऊबंदांच्या तोंडून बोलतो. पण २०२०च्या टाळेबंदीने हा फरक पुसला. अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा. संसर्गाने गेलेल्याला तर पुष्कळदा आपल्या माणसाचा खांदाच मिळाला नाही. पिशवीत बांधलेला देह अंगभर प्लास्टिक चढवलेल्या पालिका कामगारांनी उचलला. कोण कुठले, कुणी विचारले नाही. अपवाद म्हणून हे बाजूला टाकता येत नाही, कारण लोकांना तेव्हा जे शल्य लागले ते मंत्र राहिल्याचे नव्हते. जाता आले नाही, याचे होते.

राहिला शववाहिकेचा मुद्दा. गाडीने रीत मोडली अशी तक्रार जुनी माणसे करतात, आणि विसाव्यापाशी तिरडी टेकवून पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे होण्याची ती अदलाबदल खरोखरच नाहीशी होत चालली आहे. पण शहर पसरले, स्मशान लांब पडले, पाळीवरून सुटलेला कामगार तासाभरात किती चालणार? खांदा आता दोन टोकांना उरला आहे: उंबऱ्यापासून गाडीपर्यंत आणि फाटकापासून चौथऱ्यापर्यंत. अंतर तोकडे, म्हणून तिथे दाटी होते. चारांच्या जागी आठ-दहा हात बांबूला लागतात, आणि त्या घाईत कुठला हात कुणाचा, हे बघायला कुणी थांबत नाही.