भिंत निळी कीं पिवळसर?

दिवाळीपूर्वीं घरास रंग देण्याचा बेत ठरला, कीं बहुतेक कुटुंबांत एक गोड कलह सुरू होतो. तरुण मंडळी गर्द निळ्या रंगाचा आग्रह धरितात. वडील माणसांस सायीसारखा फिकट पिवळसर रंग बरा वाटतो. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न समजून ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनासारखें होतें. परंतु भिंतीचा रंग हा उजेडाचाहि प्रश्न आहे, आणि त्याचा निवाडा खोली कोणत्या दिशेची व तींत राहणार कोण, हें पाहूनच व्हावयास हवा.

भिंत स्वतः प्रकाश देत नाहीं; खिडकींतून आलेला प्रकाश ती परत फेकते. पिवळसर भिंत त्यांतील बराचसा परत करिते. गर्द निळी भिंत बहुतेक सारा गिळून टाकते. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकींतून वर्षांतील बराच काळ ऊन न येतां आकाशाचा निळसर उजेड तेवढा येतो. अशी खोली निळ्या रंगानें मलूल दिसते, पिवळसर रंगानें प्रसन्न होते. उलट पश्चिमेच्या खोलींत तिसऱ्या प्रहरचें ऊन डोळ्यांवर येतें. तेथें निळी भिंत विसावा देते.

निळ्याचा आणखी एक गुण आहे. बोहेमियांतील शास्त्रज्ञ पुर्किंजे ह्यांनीं १८२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार संधिप्रकाशांत तांबडा रंग आधीं काळवंडतो व निळा त्यामानानें उजळ राहतो. मात्र वृद्धांच्या डोळ्यांस ह्याचा फारसा लाभ होत नाहीं. वयोमानानें डोळ्यांतील भिंग पिवळें पडत जातें व निळा प्रकाश अडवितें. फ्रेंच चित्रकार मोने ह्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हां त्यांच्या चित्रांत तांबूस व तपकिरी छटा वाढल्या. १९२३ सालीं शस्त्रक्रिया झाल्यावर निळा रंग त्यांना पुन्हा ठळक दिसूं लागला.

तेव्हां आजी-आजोबांच्या खोलीस गर्द निळा रंग देणें म्हणजे त्यांच्या वांट्याचा उजेड काढून घेणें होय. तेथें भिंत पिवळसर असावी. दाराची चौकट व दिव्याचें बटण मात्र गडद असावें, म्हणजे रात्रीं चांचपडावें लागत नाहीं. मुलांच्या पश्चिमेकडील खोलीस निळा रंग खुशाल द्यावा.

दुकानांतील कागदी नमुन्यावर विसंबूं नये. दोन्ही रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर ओढून ते सकाळीं, दुपारीं व दिव्याच्या उजेडांत पाहावे. आणि पाहतांना, ज्याची खोली त्यास आधीं विचारावें.