गाजर गवताची खाज आणि मलमाची ट्यूब

पावसाळा सरत आला की बेळगाव-खानापूर भागात बांधावर आणि रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचे गाजर गवत माजते. 1955 च्या सुमारास ते प्रथम पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या वाळलेल्या पानाफुलांची धूळ वाऱ्याने उडून उघड्या अंगावर बसते. ती सर्वांनाच बाधते असे नाही. पण एकदा बाधू लागली की सहसा पिच्छा सोडत नाही. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची खाच येथील कातडी लाल होऊन खाजते, पुढे जाड व काळपट होते. हा एक प्रकारचा इसबच होय.

अशा वेळी आपण काय करतो? शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच ट्यूब आणतो. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. ते दोन दिवसांत खाज थांबवते. पण रोग गजकर्णाचा असेल तर वरून बरा दिसतो आणि आतून पसरतो. गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल असतो, कडा उठलेली व मध्य निवळलेला. शंका असल्यास आधी आरोग्य केंद्रात दाखवावे.

स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. इसबावर ते खरे औषध आहे. मात्र जागा, जोर आणि दिवस डॉक्टरांनी ठरवावेत. चेहऱ्यासाठी हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य मलम थोडेच दिवस देतात. हातापायांच्या जाड कातडीला बीटामेथासोनसारखे जोरदार मलम लागते. ते चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळल्यास कातडी पातळ होते, लाली व पुरळ येते. पापण्यांवर लावत राहिल्यास डोळ्यांनाही धोका असतो. मापही सोपे आहे: मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

शेतातून आल्यावर हातपाय-तोंड धुऊन कपडे बदलावेत. कातडी ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन ट्रॅक्टर चालवू नये. चट्ट्यातून पू किंवा पाणी येत असेल, ताप असेल, किंवा सर्व अंग लाल झाले असेल तर घरी थांबू नये. स्टिरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शन आपल्या मनाने कधीही घेऊ नयेत; मधुमेह असलेल्यांची साखर त्याने वाढते.

औषध कितीही चांगले असले तरी धूळ अंगावर बसतच राहिली तर रोग परत येतो. म्हणून गवत फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, हातमोजे घालावेत, तोंडावर फडके बांधावे.

2 नोव्हेंबरच्या मृत भाविकांच्या स्मरणदिनासाठी आपण कब्रस्तान साफ करतो, त्या वेळी हे गवत बहुधा फुललेले असते. यंदा ते काम पावसातच उरकू या. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी मात्र गवताला हात लावू नये. त्यांच्या वाट्याचे गवत आपण उपटू. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा हाही एक मार्ग आहे.