बधिरांधत्व

बधिरांधत्व म्हणजे एकाच व्यक्तीच्या ठिकाणी श्रवण आणि दृष्टी या दोन्ही संवेदनांची हानी अशा प्रमाणात असणे, की एका संवेदनेची उणीव दुसरीने भरून काढता येत नाही. अशा व्यक्तीस बधिरांध व्यक्ती म्हणतात. संवाद साधणे, माहिती मिळवणे आणि स्वतंत्रपणे हिंडणे-फिरणे या तीन बाबतींत तिला विशेष अडचणी येतात. बधिरांध म्हणजे जिला मुळीच दिसत नाही व मुळीच ऐकू येत नाही अशी व्यक्ती, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. बहुतेक बधिरांध व्यक्तींच्या ठिकाणी थोडीफार दृष्टी, थोडेफार श्रवण किंवा दोन्ही शिल्लक असतात.

वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफब्लाइंड या बधिरांध व्यक्तींच्या जागतिक संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगाच्या लोकसंख्येपैकी ०.२ ते २ टक्के लोक बधिरांध असल्याचा अंदाज दिला आहे. केवळ तीव्र हानी धरली की आकडा लहान होतो आणि सौम्य हानी धरली की मोठा होतो.

संज्ञा आणि व्याख्या

कर्णबधिर व्यक्ती श्रवणाची उणीव डोळ्यांनी भरून काढते. ओठांच्या हालचाली, चेहऱ्यावरील भाव आणि सांकेतिक भाषा ही तिची साधने होत. अंध व्यक्ती आवाजाचा आधार घेते. रस्त्यावरील वाहनांचा रोख, खोलीत कोण आले आणि बोलणारा रागावला आहे की हसतो आहे, हे तिला कानांनी कळते. बधिरांध व्यक्तीला या दोन्ही वाटा पुरेशा मोकळ्या नसतात. अंधांच्या शाळेतील अध्यापन ऐकण्यावर आणि कर्णबधिरांच्या शाळेतील अध्यापन पाहण्यावर उभे असते. त्यामुळे बधिरांध मूल यांपैकी कोणत्याही शाळेत घातले, तरी शिकवण्याचा मुख्य मार्ग त्याच्यापुरता बंदच राहतो. म्हणूनच बधिरांधत्व ही अंधत्व आणि बधिरत्व यांची बेरीज न मानता ते स्वतंत्र स्वरूपाचे अपंगत्व मानले जाते. युरोपीय संसदेने २००४ साली एका लेखी घोषणेद्वारे त्यास अशी मान्यता दिली.

इंग्रजीत पूर्वी या संज्ञेतील दोन शब्दांमध्ये जोडरेघ देत असत. अवस्थेचे वेगळेपण दिसावे म्हणून अलीकडे तो एकच शब्द म्हणून लिहिण्याचा प्रघात पडला आहे. मराठीत ‘बधिरांध’ आणि ‘कर्णबधिर-अंध’ असे शब्द वापरात आहेत. ‘अंध-मूकबधिर’ हा शब्दप्रयोग मात्र दिशाभूल करणारा आहे, कारण अनेक बधिरांध व्यक्ती तोंडाने बोलतात आणि ज्या बोलत नाहीत त्यांनाही भाषा असू शकते.

कारणे

बधिरांधत्वाचे जन्मजात आणि उपार्जित असे दोन प्रकार करतात. भाषा अवगत होण्यापूर्वीच दोन्ही संवेदनांची हानी झाली असेल, तर ते जन्मजात प्रकारात धरले जाते. भाषा आल्यानंतर एक किंवा दोन्ही संवेदना क्षीण झाल्या, तर त्यास उपार्जित म्हणतात. हा भेद शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारातील व्यक्तीला अवगत भाषेसाठी नवा मार्ग शोधावा लागतो, तर पहिल्या प्रकारातील बालकाला भाषा म्हणजे काय, येथपासून आरंभ करावा लागतो.

जन्मजात प्रकाराचे एक प्रमुख कारण म्हणजे गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, मातेला होणारा रुबेला हा विषाणुजन्य आजार. मातेला अंगावर पुरळ आणि किंचित ताप एवढाच त्रास होतो, परंतु बालकाला मोतीबिंदू, बधिरत्व आणि हृदयदोष होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध प्रथम दाखवून दिला. हे बधिरांधत्व लसीकरणाने टाळता येते. भारतात २०१७ पासून गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम टप्प्याटप्प्याने राबवण्यात आली. मुदतपूर्व जन्म, मेंदूज्वर आणि चार्ज सिंड्रोम हा जनुकीय विकार हीदेखील बालवयातील कारणे होत.

उपार्जित प्रकारात उशर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार महत्त्वाचा आहे. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स उशर यांच्यावरून त्यास हे नाव पडले. यात बधिरत्व बहुधा जन्मापासून असते आणि दृष्टिपटलाच्या ऱ्हासामुळे दृष्टी पुढे हळूहळू कमी होत जाते. प्रथम रात्री दिसेनासे होते, मग दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकसते आणि नळीतून पाहावे तसे मधलेच तेवढे दिसते. संध्याकाळी ठेचकाळणारे कर्णबधिर मूल धांदरट ठरवले जाते आणि निदान वर्षानुवर्षे लांबते. सदोष जनुक आईवडील दोघांकडूनही आले तरच हा विकार होतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी विवाह करण्याची चाल असलेल्या समाजांत, महाराष्ट्रातील काही समाजांतही, दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो.

वार्धक्यात दृष्टी व श्रवण एकत्र मंदावल्यामुळे येणारे बधिरांधत्व संख्येने मोठे, पण सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘वय झाले’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. वृद्धाने बोलण्यात भाग घेणे थांबवले की स्मृती किंवा बुद्धी मंदावल्याचा तर्क केला जातो, आणि श्रवणयंत्र, चांगला प्रकाश वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असे साधे उपायही राहून जातात.

संवादाच्या पद्धती

बधिरांध व्यक्तींची एकच सामाईक भाषा नाही. कोणती हानी आधी झाली, शिक्षण कोणत्या भाषेत झाले आणि काय शिल्लक आहे, यांवरून पद्धत ठरते. अनेक जण प्रसंगानुसार एकाहून अधिक पद्धती वापरतात.

स्पर्श-सांकेतिक भाषेत ऐकणारी व्यक्ती आपले हात बोलणाऱ्याच्या हातांवर हलकेच ठेवते आणि खुणांचा आकार, दिशा व वेग स्पर्शाने ग्रहण करते. ज्यांचे दृष्टिक्षेत्र आकसले आहे, त्यांच्यासाठी बोलणारा छातीसमोरील लहानशा चौकटीतच हात हलवतो.

स्पर्शलिपींमध्ये शब्द अक्षराअक्षराने हातावर उमटवतात. ब्रिटिश पद्धतीत पाच इंग्रजी स्वर पाच बोटांच्या टोकांवर असतात. ऑस्ट्रियन लेखक हिएरोनिमस लॉर्म हे स्वतः बधिरांध होते. त्यांनी १८८१ साली तयार केलेल्या लिपीत तळहातावरील ठिपके व रेघा यांतून अक्षरे होतात, आणि जर्मनभाषक प्रदेशात ती आजही वापरात आहे. जपानमधील बोट-ब्रेलमध्ये दोन्ही हातांची मिळून सहा बोटे ब्रेलच्या सहा टिंबांप्रमाणे वापरतात. तळहातावर बोटाने ओळखीच्या लिपीतील अक्षरे गिरवणे ही सर्वांत सोपी रीत होय. देवनागरी येणाऱ्या माणसाशी देवनागरीतून असे बोलता येते आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही.

ताडोमा पद्धतीत बोलणाऱ्याच्या ओठांवर अंगठा आणि गालावर व गळ्यावर बोटे ठेवून बोलणे जाणून घेतात. ती आत्मसात करण्यास दीर्घ सराव लागतो. ज्या बालकांना अद्याप भाषा नाही, त्यांच्यासाठी वस्तुसंकेत वापरतात. जेवणापूर्वी चमचा आणि आंघोळीपूर्वी पंचा दररोज हाती दिला, की पुढे काय घडणार हे बालकाला कळू लागते. त्यातून वस्तू ही घटनेची खूण ठरते आणि खुणेतून पुढे शब्द येतो.

ब्रेल पडद्यामुळे संगणक किंवा भ्रमणध्वनीवरील मजकूर उंचसखल टिंबांच्या रूपात बोटांखाली येतो. त्यामुळे पत्रव्यवहार, वाचन व नोकरी यांत मोठा फरक पडला आहे, पण हे उपकरण महाग आहे.

सार्वजनिक व्यवहारात दुभाषा-मार्गदर्शक लागतो. तो बोलणे पोहोचवतो, तसेच भोवतालचे वर्णनही करतो. खोलीत किती माणसे आहेत, कोण उठून गेले, विनोदावर कोण हसले, हे कळल्याशिवाय संभाषणात बरोबरीने भाग घेता येत नाही. अमेरिकेतील सिअॅटल येथे बधिरांध व्यक्तींनीच विकसित केलेल्या प्रोटॅक्टाइल या पद्धतीत अशी दाद स्पर्शानेच देतात. मान डोलावण्याऐवजी ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर वा हातावर थोपटतो.

शिक्षणाचा इतिहास

भाषेचे पद्धतशीर शिक्षण मिळालेल्या पहिल्या बधिरांध व्यक्तींमध्ये अमेरिकेतील लॉरा ब्रिजमन (१८२९–१८८९) यांची गणना होते. बॉस्टन येथील पर्किन्स संस्थेत सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८३७ पासून त्यांना शिकवले. चार्ल्स डिकन्स यांनी १८४२ च्या आपल्या अमेरिकेवरील पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिले. तो वृत्तान्त वाचूनच हेलन केलर यांच्या आईला आपल्या मुलीच्या शिक्षणाची आशा वाटली.

हेलन केलर (१८८०–१९६८) यांची दृष्टी व श्रवण एकोणिसाव्या महिन्यात आजाराने गेले. १८८७ साली त्यांना शिकवण्यास आलेल्या अॅन सलिव्हन स्वतः अंशतः अंध आणि पर्किन्सच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी हेलनसाठी नेलेल्या बाहुलीला ब्रिजमन यांनी कपडे घातले होते. केलर १९०४ साली रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कलाशाखेची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या बधिरांध व्यक्ती होत.

सोव्हिएत संघात झागोर्स्क येथे १९६३ साली बधिरांध मुलांची निवासी शाळा सुरू झाली. तेथील चार विद्यार्थी १९७७ साली मॉस्को विद्यापीठातून मानसशास्त्राचे पदवीधर झाले. जपानचे सातोशी फुकुशिमा यांनी नवव्या वर्षी दृष्टी आणि अठराव्या वर्षी श्रवण गमावले. त्यांच्या आईने शोधलेल्या बोट-ब्रेलच्या साहाय्याने ते शिकले आणि टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या हाबेन गिर्मा २०१३ साली हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या पहिल्या बधिरांध व्यक्ती ठरल्या.

भारतातील स्थिती

केलर यांनी १९५५ साली वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी भारताचा दौरा केला. तथापि बधिरांध मुलांसाठी स्वतंत्र संस्था निर्माण होण्यास आणखी दोन दशके लागली. बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत स्थापन केलेली हेलन केलर संस्था या क्षेत्रातील देशातील आद्य संस्था होय. अहमदाबाद येथील सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था १९९७ पासून देशातील निरनिराळ्या राज्यांत काम करते.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख नव्हता. २००६ साली संमत झालेल्या व भारताने २००७ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात बधिरांध मुलांच्या शिक्षणाचा नावानिशी निर्देश आहे. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बधिरांधत्वाचा समावेश झाला, परंतु तो बहुविकलांगतेच्या अंतर्गत. २०११ च्या जनगणनेत सुमारे २१ लाख व्यक्तींची नोंद बहुविकलांग अशी झाली. त्यांपैकी बधिरांध किती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. किती दुभाषे घडवावेत आणि किती शिक्षक नेमावेत, याचे नियोजन संख्येवर अवलंबून असल्याने या उणिवेचा परिणाम प्रत्यक्ष सेवांवर होतो.

प्रचलित समज

बधिरांध व्यक्ती बुद्धीने कमी असते, हा सर्वांत हानिकारक समज होय. संवादाचा मार्ग न मिळालेले बालक डोलते, वस्तू फेकते किंवा स्पर्श करताच दचकते. या वर्तनावरून त्यास बौद्धिक अक्षमतेचा शिक्का बसतो आणि शिकवणेच थांबते. काही बालकांना बौद्धिक अक्षमताही असते हे खरे, परंतु संवादाचा मार्ग उघडण्यापूर्वी तसा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा समज चमत्काराचा आहे. पाण्याच्या पंपाखाली हात धरताच केलर यांना भाषा उमगली, हा प्रसंग नाटक-चित्रपटांमुळे सर्वतोमुखी झाला. केलर यांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेल्या ‘ब्लॅक’ (२००५) या हिंदी चित्रपटाने बधिरांध नायिका आणि तिचा शिक्षक भारतीय प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले. वस्तुतः सलिव्हन येण्यापूर्वीच केलर घरातल्या घरात खुणांनी बोलत असत. पाव हवा असल्यास तो कापून लोणी लावण्याचा अभिनय करीत. पंपाजवळच्या त्या क्षणानंतरही वर्षानुवर्षांचे परिश्रम होते. त्यांचे प्रौढ जीवन तर या चित्रात येतच नाही. त्या १९०९ साली समाजवादी पक्षाच्या सदस्य झाल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढल्या आणि १९२० साली नागरी स्वातंत्र्यासाठीच्या अमेरिकी संघटनेच्या संस्थापकांत होत्या. त्यांनी राजकीय मते मांडताच, पूर्वी त्यांची स्तुती करणाऱ्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने ती मते त्यांच्या शारीरिक मर्यादांतून उद्भवल्याचे लिहिले. कौतुक करणारे लोक मतभेद होताच त्यांच्या विचारशक्तीवर शंका घेऊ शकत होते, हे यातून दिसते.

बधिरांध व्यक्ती कायम परावलंबी असते, हाही समज अपुरा आहे. योग्य प्रशिक्षण व साधने मिळाल्यास अनेक जण स्वयंपाक, प्रवास, नोकरी आणि अपत्यांचे संगोपन करतात. दुभाषा नसल्यास मात्र तीच व्यक्ती बँकेत किंवा रुग्णालयात हतबल होते. २०२० मधील कोरोना साथीत शारीरिक अंतराचा नियम आला, तेव्हा स्पर्श हीच ज्यांची वाणी त्यांचा संवाद तुटला.

‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’ ही मराठी म्हण एकमेकांच्या उपयोगी न पडणाऱ्या दोघांसाठी वापरतात. बधिरांधत्वाविषयीच्या समजुतीही पुष्कळदा याच तर्कावर उभ्या असतात. दोन उणिवा एकत्र आल्या की काहीच उरत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते आणि स्पर्श, गंध, कंपने व स्मृती हिशेबात येत नाहीत.

भेटीतील शिष्टाचार

बधिरांध व्यक्तीला भेटताना प्रथम दंडाला किंवा हाताच्या पाठीवर हलका स्पर्श करून आपली उपस्थिती कळवावी आणि मग आपण कोण ते सांगावे. तिला धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करून तो धरू द्यावा. दुभाषा सोबत असला तरी बोलणे थेट त्या व्यक्तीशीच असावे. स्पर्शाने ऐकण्यास अधिक वेळ व एकाग्रता लागते, म्हणून उत्तरासाठी थांबावे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी हे अनेक देशांत बधिरांध व्यक्तीचे चिन्ह आहे. निरोप घेताना जात असल्याचे अवश्य सांगावे, अन्यथा समोर कोणी नसताना ती व्यक्ती बोलत राहण्याचा संभव असतो.