डेंग्यूचा धोका फक्त प्लेटलेटच्या आकड्यात नसतो

पावसाळ्यात पौड, पिरंगुट, हिंजवडीकडे डेंग्यूचा विषय निघाला की गाडी लगेच एका प्रश्नावर येते: प्लेटलेट किती? आकडा 80 हजारांवर उतरला की पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध सुरू होतं आणि नातेवाईक रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवू लागतात. प्लेटलेट घटल्या की रुग्ण दगावतो, असा पक्का समज आहे. प्रत्यक्षात गंभीर डेंग्यूत बहुतेकदा जिवावर बेततं ते रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. रक्त दाटतं, रक्तदाब कोसळतो. हे झिरपणं समजायचं तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे पाहावं लागतं.

या अस्तराच्या पेशींवर, रक्ताच्या बाजूने, साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचा पातळ थर असतो. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. (ही साखर म्हणजे चहातली साखर नव्हे.) त्यातला एक घटक म्हणजे सिंडेकॅन-1 हे प्रोटिओग्लायकन, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेलं प्रथिन. त्याचं जनुक, एसडीसी1, दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. जनुक कळलं म्हणजे त्याचं काम कळलं, हा इथला दुसरा गैरसमज. एसडीसी1 मध्ये फक्त 310 अमिनो आम्लांच्या प्रथिनाची कृती लिहिलेली असते. त्यावरच्या हेपरान सल्फेटच्या साखळ्या पेशीतली वेगळीच विकरं चढवतात, आणि त्या विकरांची जनुकंही वेगळी. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्या पाणी धरून ठेवतात, वाढीचे संदेश देणारी प्रथिनं पकडतात. म्हणून सिंडेकॅन-1 काय करतं याचं उत्तर ते कोणत्या पेशीवर आहे यावर ठरतं. प्लाझ्मा पेशींवर हेच प्रथिन सीडी138 या नावाने ओळखलं जातं आणि मल्टिपल मायलोमाच्या निदानात उपयोगी पडतं. तेवढ्यावरून एसडीसी1 ला कर्करोगाचं जनुक ठरवणं चूक आहे. निरोगी प्लाझ्मा पेशींवरही ते असतंच.

आता डेंग्यू. तापाच्या पहिल्या दिवसांत जी एनएस1 चाचणी करतात, तिच्यात शोधलं जाणारं प्रथिन विषाणूचं आहे आणि ते रक्तात मोकळं फिरतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की एनएस1 मुळे अस्तराच्या पेशींमधली काही विकरं चाळवली जातात, ती हा थर कुरतडतात आणि सिंडेकॅन-1 सुटून बाहेर पडतं. गंभीर रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेलं आढळतं. यावर कोणी म्हणेल, हा आजाराचा परिणाम असेल, कारण कशावरून? पण त्या प्रयोगात विषाणू नव्हताच, नुसतं एनएस1 होतं. आणि ती विकरं रोखली की थराची हानी आणि गळती दोन्ही आटोक्यात राहिली. तरी सारा दोष सिंडेकॅनच्या माथी मारता येत नाही. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात, त्यांना पिल्लंही होतात. शिवाय जंतुसंसर्गाने येणाऱ्या सेप्सिसमध्ये आणि मोठ्या अपघातातही रक्तातलं सिंडेकॅन-1 वाढतं, त्यामुळे त्यावरून डेंग्यूचं निदान होत नाही.

मग प्लेटलेट बिनमहत्त्वाच्या का? मुळीच नाहीत. रक्तस्राव होत असेल तर त्या द्याव्याच लागू शकतात. मात्र केवळ आकडा घसरला म्हणून दिल्याने काय होतं, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या चाचणीत तपासलं गेलं. प्लेटलेट 20 हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा प्रौढांमध्ये आगाऊ प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पपईच्या पानांबाबत झालेल्या काही अभ्यासांत आकडा थोडा लवकर चढलेला दिसतो, पण गळती थांबल्याचं त्यातून सिद्ध झालेलं नाही. गळतीचा काळही फसवा असतो: ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमके तेच 24 ते 48 तास जोखमीचे असतात. त्या वेळी पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, अस्वस्थपणा, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं. सीबीसीच्या रिपोर्टवर प्लेटलेटच्या ओळीबरोबर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्हीची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, ओळही असते. प्लेटलेट खाली आणि तो आकडा चढता असेल, तर द्रव बाहेर झिरपत असल्याची शंका डॉक्टर घेतात आणि सलाइन किती द्यायचं हे त्यावरून ठरवतात.