लसीने अंग लोहचुंबक होते का? घरीच तपासून पाहा

बाळाची लस चुकली की आम्ही घरी जाऊन कारण विचारतो. बहुतेक वेळा कारण साधे असते. गावाला गेलो होतो, बाळ आजारी होते, कामाचा खाडा परवडत नाही. कोरोनानंतर मात्र एक नवे कारण कानावर येऊ लागले. "सिस्टर, सुई घेतली की अंगाला लोखंड चिकटतं म्हणे. मोबाईलवर बघितलंय." ही गोष्ट हसण्यावारी नेऊन भागत नाही. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तरही डोळ्यांनी पाहता येईल असेच द्यायला हवे.

ही गोष्ट आपल्या शेजारच्या नाशिकची. जून २०२१ मध्ये सिडको भागातील एका ज्येष्ठ नागरिकाने कोविशिल्डचा दुसरा डोस घेतला. त्यानंतर त्यांच्या अंगाला नाणी, चमचे चिकटतात, असा व्हिडिओ सगळीकडे फिरला. पाठोपाठ इतर ठिकाणांहूनही तसेच व्हिडिओ आले. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हा दावा निराधार असल्याचे सांगितले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही दाखवून दिले, की लस न घेतलेल्यांच्या अंगालाही वस्तू चिकटतात.

म्हणजे ते आजोबा खोटे बोलत नव्हते. नाणी खरोखर चिकटत होती. चुकले ते कारण.

ओल्या ताटाखाली वाटी चिकटून वर येते, ओल्या काचेला कागद चिकटून बसतो. तिथे कुठे लोहचुंबक असतो? आपल्या कातडीवर घाम आणि तेलकटपणा असतो. वस्तू सपाट आणि हलकी असेल, अंगावर केस कमी असतील आणि हवा दमट असेल, तर ती चिकटून राहते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लस दिली जाते दंडात. मग नाणी छातीवर, पोटावर आणि पाठीवर कशी चिकटतात?

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात विधिमंडळाच्या समितीपुढे एका नर्सने हाच दावा केला. तिने किल्ली छातीला लावली, ती चिकटली. मानेला लावली, तर पडली. लोहचुंबक असा जागा बघून काम करत नाही.

आता घरच्या घरी चार परीक्षा करून पाहा. लस घेतलेला एक माणूस आणि न घेतलेला एक, असे दोघे जण असले तर उत्तम.

१. पावडरची परीक्षा. जिथे नाणे चिकटते ती जागा धुऊन कोरडी करा आणि तिथे अंगाला लावायची पावडर चोळा. आता नाणे लावा. पडेल. पावडरने घाम आणि तेल शोषले जाते. खरा लोहचुंबक पावडरीला दाद देत नाही.

२. टाचणीची परीक्षा. टाचणी दोऱ्याला बांधून दंडाजवळ लोंबकळत धरा, अंगाला टेकवू नका. मग तीच टाचणी जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ न्या. लोहचुंबक तिला लांबूनच ओढतो. दंडाजवळ ती जागची हलत नाही.

३. उलटी परीक्षा. जी वस्तू लोहचुंबकाला मुळीच चिकटत नाही ती घ्या. प्लास्टिकचे सपाट बटण किंवा पितळेची छोटी चकती चालेल. ती घामेजल्या अंगाला लावून पाहा. तीही चिकटली, तर ते काम लोहचुंबकाचे नाही.

४. जोडीची परीक्षा. तेच नाणे लस न घेतलेल्या माणसाच्या अंगाला लावा. चिकटले, तर दोष लसीचा कसा?

आता लसीत काय असते ते पाहू. कोविशिल्डचा एक डोस अर्धा मिलीलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भाग. त्यात लसीच्या मुख्य घटकाशिवाय पाणी, साखर, मीठ आणि थोडे क्षार असतात. त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराईडचे नाव ऐकून काहींना 'मॅग्नेट' आठवतो. पण नावे सारखी वाटली तरी वस्तू वेगळ्या. मॅग्नेशियम क्लोराईड लोहचुंबकाला चिकटत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात मुळातच तीन ते चार ग्रॅम लोह असते, त्यातले बरेचसे रक्तात. तेवढे लोह असूनही आपण कधी तव्याला चिकटलो नाही.

मग या अफवेचे एवढे का मनावर घ्यायचे? कारण एका लसीची धास्ती दुसऱ्या लसीवर जाते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली. लेकरे दगावली. लस न मिळालेल्या मुलांना तिचा तडाखा जास्त बसला. गोवर हवेतून पसरतो. दाटीच्या घरांत एका पोराला झाला की गल्लीतल्या लस न घेतलेल्या बहुतेक पोरांना होतो. अफवा पसरवणारा कोण कुठला असतो, पण उपचाराला पैसे आपल्या घरातून जातात.

लसीचा त्रास अजिबात होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप येतो, बाळ किरकिर करते. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. तापाचे औषध किती द्यायचे ते सिस्टरला विचारूनच घरी जा. ताप जास्त असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा झटका आला, तर लगेच दवाखाना गाठा. खरा त्रास आशाताईला सांगायचाच. तो नोंदवून घेणे हे आरोग्य केंद्राचे काम आहे आणि तो आपला हक्क आहे.

आज एवढे करा. बाळाचे लसीकरण कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. कार्डावर या दोन्ही नोंदी आहेत का, ते पाहा. राहिल्या असतील, तर पुढचे लसीकरण कधी आहे ते आशाताईला विचारा. सरकारी केंद्रात ही लस फुकट आहे.

आणि मोबाईलवर पुन्हा तसा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी पावडरचा डबा काढा.