पूल, बादली आणि नाना

"का रे, हे पाणी कमी व्हायलंय का?"

सकाळी साडेसहाला नाना पूलच्या काठावर उकिडवे बसून माझ्याकडे न बघताच विचारत होते. आई-नानांना लातूरहून दुबईला येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. बुर्ज खलिफा बघून झाला होता, मॉल बघून झाला होता. दोन्हीकडे नाना "बरं आहे" एवढंच म्हणाले होते. मात्र आमच्या मागच्या अंगणातल्या पूलकडे ते रोज सकाळी अर्धा अर्धा तास टक लावून बघायचे.

"नाना, इथं ऊन लई असतं. वाफ होऊन जातं," मी कॉफीचा घोट घेत म्हणालो.

"मार्च चालू आहे अजून," नाना म्हणाले आणि गप्प बसले.

आधी थोडं मागचं सांगतो. आम्ही मिरदिफमध्ये एका जुन्या व्हिलात भाड्याने राहतो. पूल आमचा नाही, घरमालकाचा. 16 एप्रिल 2024 चा तो पाऊस आठवत असेल. यूएईत 75 वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस म्हणून त्याची नोंद झाली. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाणी पडलं. आमच्याकडे घरात पाणी शिरलं नाही, पण अंगणातला गाळ, वाळू, शेजारच्या झाडांचा पाला असं सगळं पूलमध्ये जाऊन बसलं. टाइल्स आधीच सुटत आल्या होत्या, त्या निखळल्या. घरमालक भला माणूस. त्याने कॉन्ट्रॅक्टर लावून फेब्रुवारी 2025 मध्ये पूल नवा करून दिला. नवीन वॉटरप्रूफिंग, नवीन मोझेक टाइल्स, नवा पंप, नवे एलईडी दिवे. अट एकच, "देखभाल तुम्ही बघायची."

मी म्हटलं, बघू की! कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. आठ बाय चार मीटरचा पूल काय अवघड आहे?

नवीन सॉफ्टवेअर रिलीज केल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं हे आमच्या क्षेत्रातले लोक जाणतात. पूलचं तसंच झालं. पहिल्या दिवशी निळाशार, चौथ्या दिवशी ताक. पांढुरकं, गढूळ. बायको म्हणाली, "यात मीठ-जिरं टाकायचं का?" कारण शोधलं तर साधं निघालं. टाइल्सच्या फटीत भरलेलं ग्राउट सिमेंटचं असतं. ते ताजं असताना त्यातला चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच वर चढतो. पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा, आमचा 8.2 होता. पीएच इतका वर गेला की क्लोरीन टाकलं तरी त्याची ताकद फार उरत नाही. मी दुप्पट क्लोरीन टाकत होतो आणि पाणी जैसे थे! पूल साफ करायला येणारे केरळचे भाई हसले. त्यांनी थोडं थोडं ॲसिड घालून पीएच खाली आणला, मला रोज भिंती ब्रशने घासायला लावल्या आणि फिल्टर जास्त वेळ चालवायला सांगितला. दहा-बारा दिवसांत तळाच्या टाइल्स मोजता येतील इतकं पाणी स्वच्छ झालं.

दुसरी तक्रार बुडबुड्यांची. पंप चालू केला की पाणी परत येणाऱ्या तोंडातून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. म्हणजे पंप कुठून तरी हवा ओढत होता. पाइप फुटला असेल, फरशी उकरावी लागेल, असे सगळे वाईट विचार करून झाले. दोष निघाला पंपाच्या जाळीवरच्या झाकणातल्या रबरी रिंगमध्ये. कोरडी पडली होती आणि तिच्यावर वाळूचे चार कण बसले होते. पुसली, सिलिकॉनचं ग्रीस लावलं, झालं काम. (घरातलं व्हॅसलिन लावू नका. त्याने रबर फुगतं. मी आधी तेच केलं होतं आणि नवी रिंग आणावी लागली.)

तेव्हा नाना आले त्या वेळी माझी छाती जरा फुगलेलीच होती. दोन बग सोडवले होते. आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो, पाणी कमी व्हायलंय.

पाणी कमी होत असल्याचं मला दिसलंच नव्हतं, कारण पूलला आपोआप भरणारा नळ आहे. टाकीत असतो तसा फ्लोट. पातळी खाली गेली की नळ उघडतो. म्हणजे गळती असली तरी पूल नेहमी भरलेलाच दिसणार. नानांनी पातळी बघितलीच नव्हती. त्यांनी आवाज ऐकला होता. पहाटे सगळं सामसूम असताना नळ सारखा सुरू होतोय हे त्यांच्या कानाने टिपलं होतं.

लातूरच्या माणसाचे कान पाण्याच्या बाबतीत तिखट असतात, त्याला कारण आहे. 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, फोनवर ऐकायचो. आई-नाना मात्र तिथेच होते. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले नाना पहाटे तीनला उठून घागरी रांगेत लावायचे. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. पुढे त्या गाडीला सगळे 'जलदूत' म्हणू लागले. नाना ती गाडी बघायला स्टेशनकडे गेले होते. "देव बघायला जावं तसे लोक आले होते," असं ते फोनवर म्हणाले होते.

त्या दिवशी पूलच्या काठावर त्यांनी विचारलं, "किती पाणी बसतं रे ह्याच्यात?"

मी सहज सांगून गेलो, "पंचेचाळीस हजार लिटर असेल."

नानांनी मनात हिशोब केला. पाच लाखाला दहा वॅगन, म्हणजे एका वॅगनला पन्नास हजार. "म्हणजे जलदूतचा एक डबा," ते म्हणाले. "तुझ्या अंगणात उभा आहे."

त्यात टोमणा नव्हता. पण मला दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी मी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. उत्तर तयार होतं, "साब, दुबई में पानी उडता है. नॉर्मल है." दोन दिवसांनी फोन उचलणंही बंद झालं. आता पुरावा हवा होता.

पुरावा गोळा करायची पद्धत बिनखर्चाची आहे. पूलच्या पायरीवर एक बादली ठेवायची, बुडालेली पण काठ पाण्याबाहेर. बादलीत पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरायचं. आत एक खूण, बाहेर एक खूण. आपोआप भरणारा नळ बंद. 24 तासांनी बघायचं. वाफ दोन्हीकडून सारखीच होणार. बादलीपेक्षा पूलचं पाणी जास्त उतरलं, तर जास्तीचं पाणी गळतीचं.

नानांनी बादलीत दोन दगड टाकले, हलू नये म्हणून. लेकीला, वय वर्षं पाच, पहारेकरी नेमलं. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी 6 मिलिमीटर उतरलं होतं आणि पूलचं 19. फरक 13 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण बत्तीस चौरस मीटरवर 13 मिलिमीटर म्हणजे दिवसाला 416 लिटर! नानांनी वहीत लिहिलं: "रोज दोन ड्रम." मग खाली: "महिन्याला साडेबारा हजार. एक टँकर."

हे पाणी नदीचं नाही की पावसाचं नाही. दुबईत नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं, जबल अलीला मीठ काढून गोडं केलेलं. त्यासाठी भरमसाट ऊर्जा लागते. हा देश पाण्याला किती जपतो ते बघायचं तर लिवाचं उदाहरण घ्या. अबू धाबीच्या त्या वाळवंटात असं गोडं केलेलं 2 कोटी 60 लाख घनमीटर पाणी जमिनीच्या पोटात साठवून ठेवलंय. अडचणीच्या वेळी दहा लाख माणसांना नव्वद दिवस पुरेल, असा तो 2018 पासूनचा साठा. आणि इकडे मी रोज दोन ड्रम जमिनीत सोडत होतो.

आता गळती कुठे? एक दिवस पंप चालू ठेवून मोजलं, एक दिवस बंद ठेवून. चालू असताना जास्त गळलं तर पाणी परत आणणाऱ्या पाइपवर संशय. आमच्याकडे दोन्ही आकडे जवळपास सारखे. म्हणजे पंपाचा पाइप सुटला, पूलच्या अंगात कुठेतरी भोक होतं. मी टाइल्सची एकेक फट तपासायचा बेत केला, चक्क एक्सेल शीट तयार केली.

नाना तोवर अंगणात फेऱ्या मारत होते. "इथली माती वाळत का नाही रे?" बोगनवेलीच्या कोपऱ्यात ते उभे होते. इतर ठिकाणी भुरभुरीत वाळू, तिथे मात्र चपलेला माती चिकटत होती आणि गवत गुडघ्याला लागत होतं. त्याच गवतात एक प्लॅस्टिकचा डबा दडलेला होता. पूलच्या दिव्याच्या वायरचा जंक्शन बॉक्स! झाकण उघडायच्या आधी मेन स्विच बंद केला. आत पाणी होतं.

दिव्याची वायर ज्या नळीतून येते, तिचं पूलमधलं तोंड बंद करायला हवं होतं. जुना दिवा काढून नवा बसवताना ते कुणीतरी विसरलं होतं. खात्रीसाठी पंप बंद करून, पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर मी डुबकी मारली. हातात सुई नसलेली सिरिंज आणि तिच्यात आईचा जिलबीचा केशरी रंग. दिव्यामागे थोडासा सोडला. रंग पसरला नाही, बारीक दोऱ्यासारखा सरळ नळीत ओढला गेला. मी वर येऊन एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे इजिप्शियन काका भिंतीवरून डोकावले.

आता बादलीचे फोटो, वहीतले आकडे आणि केशरी रंगाचा व्हिडिओ घरमालकाला पाठवला. त्याने कुणाला काय सांगितलं माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी माणूस हजर! दिवा बाहेर काढला, नळीच्या तोंडात पाण्याखाली चालणारी पुट्टी भरली. चाळीस मिनिटांचं काम.

पुन्हा बादली. बादलीत 7, पूलमध्ये 7. नानांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि वहीत फक्त तारीख लिहिली.

मला वाटलं, संपलं. नाना म्हणाले, "एक राहिलंय. कठडा." गावाकडच्या आमच्या विहिरीला कठडा नव्हता आणि त्यांचा एक चुलतभाऊ लहानपणी त्यात गेला, हे मला चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. ते रोज सकाळी पूलजवळ अर्धा तास का बसायचे, तेही तेव्हा कळलं. त्या वेळेला माझी लेक उठून अंगणात पळत यायची. पुढच्याच आठवड्यात जाळीचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार बसलं. ते आधी बसवायला हवं होतं. बुडबुड्यांमागे आठवडाभर फिरलो, पण हे मला सुचलं नव्हतं.

इथे पूल असलेल्या घरात राहणाऱ्या मराठी मंडळींना तीनच गोष्टी सांगतो. पाणी आपोआप भरणारा नळ महिन्यातून एक दिवस बंद ठेवून बादली लावा. ॲसिड आणि क्लोरीन कधी एकत्र करू नका, आणि ॲसिड पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी नको. आणि घरात लहान मूल असेल तर सगळ्यात आधी कुंपण.

जूनच्या सुरुवातीला आई-नाना परत गेले. आता ऑगस्ट आहे, पूलचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं गरम असतं, दिवसा कुणी उतरत नाही. पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नाना आधी नातीशी बोलतात, मग मला विचारतात, "बादली लावलीस का?"

लावतो. आकडा सांगतो. ते वहीत लिहितात.