सरडगुहिऱ्याला पेटी नको, कुंपण हवे

खारघर हे पनवेल तालुक्यातले मूळचे भातशेतीचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे खाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. तरी पांडवकड्याचा डोंगर आणि फणसवाडी, चाफेवाडीसारख्या वाड्या अजून आहेत. हल्ली शहरात परदेशी सरडे काचेच्या पेटीत पाळण्याची हौस आली आहे. ते पाहून गावची मुलेही कुंपणावरचा सरडा धरून खोक्यात घालतात. अशा वेळी पालकांनी काय सांगावे?

आपल्याला रोज दिसतो तो साधा सरडा. सरडगुहिरा, म्हणजेच घोयरा, त्याहून वेगळा. चाल संथ, शेपूट फांदीला गुंडाळलेली, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरणारे. त्याला विष नसते. लोक त्याला भिऊन मारतात, ते व्यर्थ आहे.

आहार आणि पचन

टोळ, नाकतोडे, माश्या, फुलपाखरे हे त्याचे खाद्य. शरीराहून लांब जीभ फेकून तो जिवंत, हलता किडा टिपतो. भात, पोळी, दूध त्याच्या कामाचे नाही. वाटीतले पाणीही तो सहसा पीत नाही. पानावरचे दव किंवा पावसाचे थेंब चाटतो. त्यामुळे खोक्यात वाटी भरलेली असूनही तो तहानेने मरतो.

त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन खाल्ल्यावरच त्याचे पचन चालते. सावलीत कोंडलेल्या सरड्याच्या पोटात खाल्लेला किडा पचत नाही, तिथेच कुजू लागतो.

अंडी घालताना

कोंबडीला कॅल्शियम कमी पडले की अंड्याचे कवच पातळ होते, म्हणून आपण शिंपल्यांचा चुरा देतो. सरडगुहिऱ्याच्या मादीलाही कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो. पेटीत दोन्हींची वाण पडते. हाडे मऊ पडतात.

एरवी झाडावर राहणारी मादी अंडी घालायला मात्र जमिनीवर उतरते. भुसभुशीत ओलसर मातीत बीळ उकरते, त्यात दहा-वीस किंवा त्याहून जास्त अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर यायला कित्येक महिने लागतात. उकरायला माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. फरशीवर ठेवलेल्या खोक्यात हेच घडते.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपला सरडगुहिरा संरक्षित आहे. त्याला धरणे, पाळणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांनाही सरकारकडे नोंद करावी लागते.

घरोघरी एवढे करावे

- बांधावरची करवंद, निरगुडी सरसकट तोडू नये. सिमेंटच्या भिंतीवर ना किडा मिळतो, ना दव.
- कुंपणावर कीटकनाशक फवारू नये. विषारी किडे खाऊन सरडाही मरतो.
- बांध खणताना मऊ कवचाची पांढरी अंडी दिसली तर हलवू वा उलटू नयेत. आतला जीव मरतो. ती सापाचीही असू शकतात, म्हणून हात न लावता फावड्याने अलगद माती ओढावी.
- जखमी सरडा दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सरडगुहिरा शेतातली सगळी कीड संपवील असे नाही. तो मित्रकीटकही खातो. पण कुंपणाचा तोही एक हिस्सेदार आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. ते कुंपण जिवंत ठेवणे आपल्या हाती आहे. मुलांना खोके देण्याऐवजी सकाळच्या उन्हात बांधावर न्यावे आणि चार हातांवरून तो शिकार कशी करतो ते दाखवावे.